एका साडीचे सगळे रंग

माझ्या मुलीने ज्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं तो वेबपेज बनवतो, हे कळलं तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. ही पाल तुमच्या मनात कायमची मुक्कामाला असते, असं बायको म्हणते, आणि त्यात तिचं काही चूक नाही. माझी सगळी नोकरी एसटीत तिकिटं तपासण्यात गेली. रस्त्यात एखाद्या आडवळणाच्या फाट्यावर उभं राहायचं, गाडीला हात दाखवायचा आणि चढायचं. डेपोत चढून उपयोग नसतो, तिथे सगळ्यांच्या हातात तिकीट असतं. माणूस बेसावध असतानाच खरा दिसतो हे मी त्या फाट्यांवर शिकलो, आणि निवृत्त झालो म्हणून ते विसरावं असं मला वाटत नाही. मेथीची जुडी घेतली तरी मी दोरा सोडून आतली पानं बघतो. भाजीवाली बाई आता मला बघितलं की स्वतःच दोरा सोडून दाखवते.

मुलगी एकुलती एक. आर्वीहून रोज सकाळच्या गाडीने वर्ध्याला जाते, तिथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. तपासणी आमच्या घराण्यातच आहे, असं मी कौतुकाने सगळ्यांना सांगायचो. एका रविवारी जेवताना तिने सांगून टाकलं. मुलगा हिंगणघाटचा, कॉलेजात तिच्यासोबत होता. आपल्यातलाच, त्यामुळे समाजात तोंड दाखवायचा प्रश्न नव्हता. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, आता घरीच असतात.

“अन् पोरगा काय करते?” मी विचारलं.

“वेबपेज बनवते. दुकानांचे, शाळांचे.”

“कोन्या हापिसात?”

“घरूनच करते.”

“मंग साहेब कोन त्याचा?”

“साहेब नाई, बाबा. त्याचं तोच.”

ज्याला साहेब नाही, हजेरी नाही, घरातून निघायची वेळ नाही, त्याला मी काय समजायचं? बायको म्हणाली, “जमाना बदलला जी.” जमाना बदलल्याचं कारण ज्यांनी ज्यांनी मला गाडीत दिलं होतं, त्यांच्याकडे तिकीट नव्हतं. पण हे मी बोललो नाही. मुलीने एवढंच सांगितलं की पौर्णिमेला त्याचे आईवडील बोलणी करायला येतील, तोवर तुमचं हो की नाही ते सांगा.

त्याआधी तो एकटा येऊन गेला. “जयभीम काका” म्हणून वाकला, बसला, बायकोने केलेले आलूपोहे त्याने संपवले आणि आणखी मागितले. मला वाटलं, आता नोकरीबद्दल गोलगोल बोलेल. पण मी विचारायच्या आधीच त्याने लॅपटॉप उघडला. “काका, तुमाले दाखवतोच मी काय करतो ते.”

स्क्रीनवर वेणा नदीचा फोटो होता, पुलावरून काढलेला. रखरखीत दुपार, पाणी डोळ्यांवर येणारं. त्याने खाली काहीतरी टाइप केलं आणि माझ्या डोळ्यांदेखत नदीवर संध्याकाळ झाली. पाणी केशरी, घाट केशरी, धुणं धुणाऱ्या बाया केशरी.

“फोटो कवा काढला?”

“दुपारी बारा-एकची वेळ असंन.”

“म्हणजे दुपारची संध्याकाळ केली तू.”

“दिसते तशी. पन फोटोले म्या हात नाई लावला, काका. फोटोच्या मागं एक रंग ठेवला अन् सांगितलं का दोघाईले मिसळून दाखव. रंग काढला का दुपार जशीची तशी.” त्याने रंग काढला. ऊन परत आलं.

बायकोला या प्रकाराची एवढी मजा वाटली की तिने स्वतःचा फोटो पुढे केला. दीक्षाभूमीला गेलो होतो तेव्हाचा, पांढऱ्या साडीतला. मुलाने तो मोबाइलवरून लॅपटॉपवर घेतला, मागे मोरपंखी रंग ठेवला आणि साडी मोरपंखी झाली. पांढऱ्यावर रंग पुरा चढतो, काळ्यावर चढतच नाही, असं त्याने समजावलं. केस खरंच काळेच राहिले होते. मात्र बायकोचा चेहराही हिरवट झाला होता आणि ती पोट धरून हसत होती. “आता हे फकत साडीवर कराचं असंन त साडी येगळी कापून घ्या लागते,” तो म्हणाला. मुलगीही हसत होती. मी हसलो नाही. माझ्या बायकोला या पोराने दोन अक्षरांत हिरवं केलं होतं, आणि वर म्हणत होता की मी हात लावला नाही.

तिकिटावरची तारीख कोणी खोडली तर कागद खरवडलेला दिसतो. बोट फिरवलं तरी समजतं. इथे खरवडलेलंच काही नव्हतं. फोटो तोच, आणि दिसतं भलतंच. कुठलाही ठसा न ठेवता माणूस एवढं बदलू शकतो, तर तो उद्या माझ्या मुलीला काय काय दाखवेल? या विचाराने मी मनातून घाबरलो. हे स्पष्ट सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की म्हातारा रिकामटेकडा होता. रिकामटेकडा होतोच, पण भीती खरी होती. मी हो म्हटलं आणि तो खोटा निघाला तर भोगायचं माझ्या मुलीला होतं.

जाताना त्याने हिंगणघाटच्या एका साड्यांच्या दुकानाचं पेज माझ्या मोबाइलवर उघडून दिलं. त्यानेच बनवलेलं. दुसऱ्या दिवशी मुलगी कामाला गेल्यावर मी चष्मा लावून ओसरीत बसलो आणि ते पेज तपासायला घेतलं. एका लाकडी पाटावर घडी घातलेली साडी, आणि खाली रंगांचे गोल ठिपके. डाळिंबी ठिपक्यावर बोट ठेवलं की साडी डाळिंबी, हळदीच्या ठिपक्यावर ठेवलं की हळदी. गव्हाळी, जांभळा, शेवाळी. शेवटी पांढरा. दिसायला झकास होतं. पण मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. पदराच्या कोपऱ्यातून एक धागा बाहेर लोंबत होता, टोकाशी किंचित वळलेला. डाळिंबी साडीला होता. हळदीला होता. जांभळीला, शेवाळीला, सगळ्यांना तोच धागा, त्याच कोपऱ्यात, तेवढाच वळलेला.

एवढ्या साड्यांना एकच धागा कसा असेल? साडी एकच होती. पांढरी. बाकीचा सगळा बाजार त्याने मागे रंग ठेवून मांडला होता.

नोकरीत असताना एखादा बहाद्दर सापडला की पोटात जो गारवा पसरायचा, तो मला बऱ्याच दिवसांनी जाणवला. मी बायकोला हाक मारली, धागा दाखवला. तिने निरखून बघितलं आणि म्हणाली, “डाळिंबी लय मस्त हाये जी.”

मुलीला मी काहीच बोललो नाही. पुरावा हाती आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा माझा नियम. दोन दिवसांनी पेन्शनच्या कामाला वर्ध्याला जातो असं सांगून निघालो. मुलीची गाडी सोडून नंतरची धरली, वर्ध्याला उतरून हिंगणघाटची धरली, आणि दुपारच्या सुमाराला त्या दुकानासमोर उभा राहिलो. न सांगता, न कळवता. कोणी वाट बघत नसलेल्या फाट्यावर उभं राहिल्याचं समाधान होतं.

दुकानदार माझ्याच वयाचा, गादीवर मांडी घालून बसलेला. “या जी, बसा. काय दाखवू?”

मी एवढी तयारी केली होती, पण हा प्रश्न येईल हे डोक्यातच आलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणून आलो तर काहीतरी घ्यायला आलो असणार. तोंडाला जे आलं ते बोलून गेलो. “साडी. पोरीच्या लग्नाची.”

“वा! कोनता रंग घ्याल?”

“पांढरा.”

आमच्या लग्नात नवरी पांढरी साडी नेसते, नवरदेवही पांढऱ्यात असतो. दुकानदाराला हे माहीत असणार, कारण तो काही न विचारता आत गेला आणि एक घडी घेऊन आला. पांढरी, काठाला बारीक निळी रेघ. त्याने ती पांढऱ्या चादरीवर पसरली आणि मला पदराचा कोपरा दिसला. धागा तिथेच होता. टोकाशी वळलेला.

सापडली! मी मनातल्या मनात शिट्टी वाजवली. अशा वेळी माल जप्त करावा लागतो, नाहीतर नंतर सगळे कानावर हात ठेवतात. “बांधा,” मी म्हटलं. किंमतही विचारली नाही, आणि माझ्या आयुष्यात असं कधी झालेलं नाही. तो पिशवीत भरत असताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मोबाइलवर तुमच्या साड्या पाह्यल्या होत्या. सगळ्याईले एकच धागा दिसून राह्यला, तो काऊन?”

मला वाटलं, आता याचा चेहरा उतरेल. तो उलट वैतागला.

“अजी, काय सांगू तुमाले! त्या पेजवाल्या पोराचं डोस्कं. साडी एकच हाये ना फोटोत. बाकी रंगाचा माल विणकर ऑर्डर आली का रंगवून देते, दुकानात फकत नमुन्याचे तुकडे. त पोरगा म्हणे, फोटो एक काढतो अन् रंग मिसळून दाखवतो. ठीक हाये म्हटलं. धागा मिटवून टाक म्हटलं, त नाई म्हणे. कापडात हाये त फोटोत राहीन म्हणे. अन् वरून खाली लिहून ठेवलं का हा एकाच साडीचा फोटो हाये, रंग मिसळून दाखवले, खऱ्या रंगात थोडा फरक पडीन. म्या म्हटलं, बाबू, असं लिहिल्यावर कोन घेईन? त म्हणे, मंग दुसऱ्याकून करून घ्या.”

“लिहिलं हाये?”

“पाहा ना.”

मी मोबाइल काढला. रंगांच्या ठिपक्यांखाली, चांगल्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं. त्या दिवशी ओसरीत मी धागा बघण्यासाठी फोटो इतका मोठा केला होता की ठिपक्यांच्या खालचं सगळं स्क्रीनच्या बाहेर गेलं होतं.

दुकानदाराचं अजून संपलं नव्हतं. नमुन्याचे तुकडे त्याने माझ्यापुढे टाकले आणि मोबाइलशेजारी धरून दाखवले. डाळिंबी बरोबर होता, हळदी बरोबर होता, जांभळा मोबाइलवर जरा जास्त गडद होता. हा जांभळा जुळवायला पोरगा पुन्हा पुन्हा दुकानात यायचा, तुकडा घेऊन दारात उजेडात उभा राहायचा आणि गिऱ्हाइकांच्या मधात यायचा, अशीही तक्रार होती. “होशियार हाये,” तो शेवटी म्हणाला, “पन धंद्याचा नाई.”

परतीच्या गाडीत मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. आधी मला दुकानदाराचाच संशय आला. पोराने आधीच फोन करून ठेवला असेल का? माझं वर्णन सांगितलं असेल का, की चष्मा आहे, तोंड वाकडं करून बोलतो? पण मी येणार हे त्या पोरालाच काय, माझ्या बायकोलाही माहीत नव्हतं. शिवाय शिकवून पाठवलेला माणूस स्तुती करतो. हा तर पोराच्या नावाने खडे फोडत होता. खडे फोडणाऱ्याचं खोटं मानायला माझ्याकडे काही आधार नव्हता. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. रिकाम्या हाताने गाडीतून उतरताना वाटायचं, तसं वाटलं.

घरी आलो, पिशवी खाटेवर टाकली आणि मागे हातपाय धुवायला गेलो. तेवढ्यात आतून बायकोची किंकाळी आली. पडली की काय म्हणून मी ओल्या पायांनी धावलो. ती खाटेवर बसली होती, मांडीवर पांढरी साडी उघडलेली, आणि डोळ्यांतून पाणी.

“अजी, घेऊन आले तुमी! मले सांगतलं बी नाई. पेन्शनचं काम म्हणे!”

दुसऱ्या कोणाच्या घरी माणूस पांढरी साडी घेऊन आला असता तर बाईने कपाळाला हात लावला असता. आमच्या घरात, उपवर मुलगी असताना, पांढऱ्या साडीचा एकच अर्थ होतो. तो अर्थ माझ्या बायकोने पुरता लावला होता. हा पुरावा आहे, असं मी तिला सांगणार होतो, पण कशाचा पुरावा ते मलाही आता सांगता आलं नसतं. मी टॉवेल शोधत होतो तोवर तिने केळझरच्या भावाला फोन लावला. शेजारची बाई आली, तिची सून आली, त्यांनी काठ चाचपून बघितला. तोंडं गोड करायला साखरेचा डबा निघाला. मला पण चिमूटभर दिली. मी खाल्ली.

मुलगी संध्याकाळी आली तेव्हा घर भरलेलं होतं. आईने तिला दारातच साखर भरवली आणि साडी दाखवली. मुलगी माझ्याकडे बघून हसली. असं ती शाळेत असताना हसायची, मी ड्यूटीवरून अचानक लवकर घरी आलो की. त्या हसण्यासाठी मी कितीही पांढऱ्या साड्या आणल्या असत्या. मग तिचं लक्ष खाटेवरच्या पिशवीकडे गेलं. पिशवीवर दुकानाचं नाव होतं, गावासकट, मोठ्या अक्षरांत. तिने ते वाचलं आणि हसू गेलं. बायका जाईपर्यंत ती सगळ्यांशी नीट बोलली. त्या गेल्यावर साडीची घडी घालत माझ्यासमोर बसली.

“बाबा, तुमी हिंगणघाटले गेलते?”

“हो.”

“साडी घ्याले?”

हो म्हणून सुटता आलं असतं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. “नाई,” मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. धागा, पेज, दुकानदार, नमुन्याचे तुकडे. सांगता सांगता मला जरा हुरूपच आला. शेवट चांगला होता ना! “पोरगा खरा निघाला,” मी म्हटलं. “म्या सोता जाऊन तपासलं. आता माह्या मनात काई नाई.” मला वाटलं, ती सुटकेचा श्वास टाकेल.

“त्या दुकानदाराले तुमी ओळखत होते?”

“नाई.”

“मंग तो खरं बोलून राह्यला हे कसं समजलं?”

“समजते ना माणसाले.”

“अन् मी?” तिने घडी बाजूला ठेवली. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. “मी त्याले कॉलेजापासून पाहून राह्यली. घर कोनाचं, ते तुमी इचारलं. साहेब कोन, ते इचारलं. दोन गाड्या बदलून त्या दुकानदाराले इचाराले गेले. तो कसा हाये म्हणून मले एकदा तरी इचारलं? मी त येथीच होती, बाबा. रोज संध्याकाळी येत होती.”

तुझ्यावर संशय नव्हता, असं म्हणता आलं असतं, पण ते खरं नव्हतं. प्रेमात पडलेल्या पोरीला काय दिसणार, असं मी मनात धरूनच चाललो होतो. अनोळखी माणसाचा शब्द मी घरी घेऊन आलो आणि हिचा शब्द कधी मोजलाच नाही. बायको आत गेली आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला.

शेवटी मी विचारलं, “कसा हाये मंग तो?”

तिने माझ्याकडे बघितलं. लॅबमध्ये ती काचेकडे कशी बघत असेल ते मला तेव्हा कळलं. मी खरंच विचारतोय की पुन्हा काही काढून घेतोय, हे ती ठरवत होती. आणि ते ठरवायचा तिला पूर्ण हक्क होता.

“मी बोलून राह्यली का तो मधात बोलत नाई,” ती म्हणाली. “संपेपर्यंत आयकते.”

माझ्या तोंडात लगेच काहीतरी आलं होतं. मी ते गिळलं, आणि ती पुढे काय सांगते याची वाट बघत बसून राहिलो.